दोन टेक्यांवरचं घर

माझी पोरगी आज शाळेत पायी जाते आणि पायी येते. हे बाईंमुळं झालं. सगळ्यात आधी हेच लिहून टाकतो, कारण मला लिहायची सवय नाही, एका गोष्टीतून दुसरी निघत जाईल आणि मुख्य बात राहून जाईल. राहायला खोली चाचांनी दिली, हे त्यांचे उपकारच. टेम्पोच्या मालकानं विश्वासानं चावी हातात ठेवली, त्यांचेही. पण चाचांच्या दारात मला नेऊन उभं केलं ते बाईंनी. त्या नसत्या तर मी आज कुठं असतो, याचा विचार अजूनही मध्येच येतो.

बाईंचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही. "नाव कशाला हवंय? मी काय चौक आहे?" असं म्हणतील.

बाई शहरं आखायच्या. म्हणजे नोकरीच ती होती त्यांची. कुठं घरं व्हावीत, कुठून बस जावी, रस्ता कुठं वळावा, हे नकाशावर ठरवायचं. सरकारी खात्यातून रिटायर झाल्यावर एका कंपनीनं त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं होतं. पुणे आणि आजूबाजूची गावं मिळून पुढं कशी वाढायची, लोकांनी राहायचं कुठं आणि कामाला जायचं कसं, याचा आराखडा ती कंपनी करत होती. त्या कंपनीनं बाईंना एक गाडी दिली होती. गाडी कॉन्ट्रॅक्टरची, आणि गाडीवरचा ड्रायव्हर मी.

पहिल्या दिवशी शनिवार पेठेत त्यांच्या इमारतीखाली गाडी पुसून-बिसून उभा होतो. बाई खाली आल्या. सुती साडी, पायात पुरुषांचे असतात तसे बूट, आणि हातात कडीचा स्टीलचा डबा. जेवणाचा असेल म्हणून मी धावत जाऊन घेतला, तर हात खालीच गेला. आत गहू होते.

"आणा इकडं," बाई म्हणाल्या. "गाडी सावलीला लावा, कुलूप घाला आणि चला."

"कुठं जी?"

"बसस्टॉपवर."

मला वाटलं, माझं काही चुकलं. गाडीला वास तर येत नाही? म्हटलं, "बाई, गाडी नाही हलली तर मालक मला हलवेल."

"मग रिकामी फिरवा. या गावात निम्म्या गाड्या एका माणसासाठी फिरतात, तुमची कुणासाठीच फिरणार नाही. फार फरक पडत नाही."

बाई चेष्टा करत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. भंडाऱ्याकडचा माणूस मी. आमच्याकडं चेष्टा करणारा आधी हसतो. पुण्यात चेष्टा करणाऱ्याचा चेहरा बँकेतल्या माणसासारखा असतो. मी खरंच गाडी रिकामी फिरवली. बस पुढं, मी मागं. बस थांबली की मी थांबायचो, मागचे हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे. बाई बसच्या मागच्या सीटवरून काचेतून माझ्याकडं बघायच्या. दोन-चार दिवस असं चाललं. मग एका सकाळी त्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात गेल्या आणि त्याला म्हणाल्या, "हे माझे ड्रायव्हर आहेत, गाडीचे नाहीत. गाडी कुठं होती हे यांना विचारायचं नाही. हे कुठं होते ते मी सांगेन."

मालक काय बोलणार? कंपनीची मोठी ऑर्डर होती. तेव्हापासून मी बसनं फिरणारा ड्रायव्हर झालो. रात्री गाडी माझ्या खोलीशी, हडपसरच्या पुढं मांजरी गावाला, उभी असायची, सकाळी ती शनिवार पेठेत आणून लावायची, आणि संध्याकाळी परत न्यायची. मधल्या वेळात ती बिचारी उन्हात.

मला त्या "भंडारा" म्हणायच्या. "काय हो भंडारा, जेवलात का?" मला आधी ओशाळल्यासारखं व्हायचं. पण इतक्या मोठ्या शहरात दिवसभर कुणी तरी आपल्या जिल्ह्याचं नाव घेतं, हे हळूहळू गोड लागायला लागलं. आता कुणी घेत नाही. टेम्पोवर मला सगळे "ओ ड्रायव्हर" म्हणतात.

डब्याचं सांगायचं राहिलं.

पाच किलोचा दळणाचा डबा, काठोकाठ भरलेला. जिथं नवीन घरं होणार असतील तिथं बाई बसनं जायच्या, शेवटच्या स्टॉपला उतरायच्या आणि तिथून त्या जागेपर्यंत डबा हातात घेऊन चालायच्या. हात भरून आला की डबा खाली टेकवायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायचा. जितक्या वेळा टेकवला तितके टेके. टेका हा शब्द बाईंचाच. दोन टेक्यांच्या आत घर आलं तर चालेल. तिसरा टेका पडला की बाई नाक फुगवायच्या. त्याच्या पुढं गेलं की परत फिरायच्या, "इथं घरं नाहीत. इथं तुरुंग बांधा, कैद्यांना दळण आणायचं नसतं."

कंपनीतले लोक त्यांना मागून दळणवाल्या मॅडम म्हणायचे. बाईंना ते माहीत होतं. एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "दळणवळण म्हणता ना तुम्ही? त्यात दळण आधी येतं." आणि चहा प्यायल्या.

आमचे टीम लीडर चांगले होते, वयानं लहान, सारखे लॅपटॉपवर. ते म्हणायचे, "मॅडम, साइट वॉकेबल रेडियसमध्येच आहे. जीआयएसच्या नकाशावर बघा ना, क्लिअर दिसतंय."

"जीआयएसला गुडघे असतात का?"

"नाही मॅडम."

"मग त्याला कसं कळणार?"

बिल्डरांची जाहिरात दिसली की बाई थांबून मोठ्यानं वाचायच्या. "स्टेशनपासून दहा मिनिटं. कुणाची दहा मिनिटं? घारीची?" आणि 'लवकरच' या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. मेट्रो लवकरच, शाळा लवकरच, पाणी लवकरच. कागदावर तो शब्द दिसला की लाल पेनानं गोल करायच्या. म्हणायच्या, "लवकरच हा पत्ता नाही. तिथं कुणी राहू शकत नाही."

बसमध्ये शेजारच्या बाईशी त्यांचं एकच बोलणं असायचं. "कुठं उतरणार?" समोरची सांगायची. मग बाईंचा पुढचा प्रश्न, "आणि उतरल्यावर पुढं?" तिथून खरी गोष्ट सुरू व्हायची. उतरल्यावर पुढं शेअर रिक्षा, ती भरली नाही तर चालत, वाटेत दिवा नाही, कुत्री आहेत, पोराला शेजारणीकडं ठेवलंय. बाई ऐकत राहायच्या. मला म्हणायच्या, "बघा भंडारा, आम्ही बसचा मार्ग आखतो आणि टाळ्या वाजवतो. माणसाचा प्रवास उतरल्यावर सुरू होतो."

तिकीट नेहमी त्या काढायच्या. माझा हात खिशात गेला की म्हणायच्या, "ठेवा. तुम्ही ड्यूटीवर आहात." कंडक्टर ओळखीचे झाले होते. "काय बाई, आज कुणीकडं दळण?" फिरून आलो की संध्याकाळी पेठेतल्या गिरणीत तो डबा खरंच दळून घ्यायच्या. त्यांच्या घरची पोळी मी बऱ्याचदा खाल्ली. त्या पोळीतल्या गव्हाला हडपसर, लोणी, वाघोली सगळीकडची प्रदक्षिणा घडलेली असायची.

मी एकदा विचारलं, "बाई, हा डबा कधीपासून?"

"तिशीत होते मी," बाई म्हणाल्या. "एक वसाहत मंजूर केली होती. काही वर्षांनी बघायला गेले, सरकारी जीपमधून. रस्त्याच्या कडेला एक बाई डबा खाली ठेवून बसलेली. म्हटलं, काय हो, बरं नाही का? म्हणाली, 'बरी आहे की. गिरणीतनं येतेय. ही वसाहत इथं ज्यानं टाकली त्याला शिव्या घालत बसलेय.' म्हटलं, मीच टाकली. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, डबा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, 'मग चला.'"

"मग?"

"मग काय, चालले. जीप मागून येत होती. रिकामी."

एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

आता माझं थोडं सांगावं लागेल. मांजरीला मी एका खोलीत राहायचो, सगळे ड्रायव्हरच, कुणी वाशिमचा, कुणी यवतमाळचा. बायको आणि पोरगी आरोही गावी, वैनगंगेच्या काठाला. रोज संध्याकाळी फोन. बायको आधी धानाचं सांगायची, मग सासूच्या पायाचं, आणि शेवटी हळूच, "काहून जी, आम्हाले कवा नेता? पोरगी म्हणते, बाबा मोबाइलमंधीच राह्यते."

खोलीत सहा पुरुष, तिथं बायकापोरं कशी आणणार?

कंपनीच्या नकाशांच्या गुंडाळ्या वर न्यायचं काम माझंच असायचं. त्या नकाशात राहायची जागा पिवळ्या रंगानं दाखवतात. एक दिवस टेबलावर नकाशा पसरताना मला मांजरीच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात, एक पिवळा ठिपका दिसला. तिथं स्वस्त घरांची मोठी योजना व्हायची होती. त्या पिवळ्या ठिपक्यावरनं माझी नजर हटेना. शेतात पहिल्यांदा धान पिकतं तेव्हा एका कोपऱ्यात असंच पिवळं होतं. मला वाटलं, हे आपलं घर.

आणि त्या जागेला बाईंनीच पास केलं होतं! मी बरोबर होतो. डबा घेऊन आम्ही शेवटच्या स्टॉपवरून निघालो, उसामधल्या पायवाटेनं गेलो, वाटेत एक कालवा लागला. कोरडा ठणठणीत होता. गावचे लोक त्यातनंच उतरून पलीकडं चढत होते, आम्हीही तसंच गेलो. दोन टेक्यांत जागा आली. बाई म्हणाल्या, "चालेल." मी मनात तीनदा म्हटलं, चालेल, चालेल, चालेल.

नोंदणी सुरू झाल्यावर बाईंना भीत भीत सांगितलं. त्यांनी लगेच होकार दिला नाही. विचारलं, "घरात राहणार कोण?"

"मी, बायको, पोरगी."

"डबा कोण आणणार?"

"बायको."

"मग तिला बोलवा. तिच्या हातानं बघू."

त्याच दिवशी परतताना बसमध्ये त्यांनी मला अचानक विचारलं, "भंडारा, तुम्ही शाळा का सोडलीत? डोकं तर बरं दिसतंय."

मी सहसा हे सांगत नाही. सांगितलं, "आठवी गावात होती जी. नववी नदीच्या पलीकडं होती."

"म्हणजे?"

"डोंग्यानं जायचं. नदीला पाणी चढलं की डोंगा बंद. पूल लई दूर, तिकडून एसटी नाही. पहिल्याच वर्षी गैरहजेरी लागत गेली, मग मास्तरांनी नाव कापलं. मास्तरांचं काही चुकलं नाही. माझंही नाही. नदीचंही नाही म्हणा."

नेहमी काही तरी टोमणा यायचाच. त्या दिवशी नाही आला.

बायको आणि आरोही नागपूरच्या गाडीनं आल्या. रविवार होता. बाई बसनं मांजरीच्या शेवटच्या स्टॉपला येऊन थांबल्या होत्या, हातात डबा. बायकोनं वाकून नमस्कार केला आणि उठता उठता डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवला.

"अगं, डोक्यावर नाही, हातात धरून—"

"हातात कोण धरते जी बाई एवढं?" बायको म्हणाली आणि चालायला लागली.

कालव्यापाशी आलो तर कालवा काठोकाठ. गढूळ पाणी जोरात चाललेलं. आमची पायवाट सरळ त्या पाण्यात उतरत होती. एक म्हातारा म्हशी धूत होता. म्हणाला, "आवर्तन सुटलंय. पुलावरनं जावा. लांब हाय."

"किती दिवस असतं पाणी?" बाईंनी विचारलं.

"आता काय, उसाला पायजेल तवर. मग बंद. मग परत."

बाई तिथं जरा जास्तच वेळ थांबल्या. मग आम्ही कालव्याच्या कडेनं पुलाकडं निघालो. ऊन चढलं होतं. बायको पुढं, मान ताठ. तिनं डबा एकदाही उतरवला नाही. आमच्याकडं पाहुण्यासमोर ओझं उतरवत नाहीत, घर आल्यावरच उतरवायचं. त्यात ही नवऱ्याची साहेबीण! मेली असती पण टेकवला नसता. मी तिच्या मागं. टेका पडला नाही की मला वाटायचं, घर एक हात जवळ आलं. पूल ओलांडला, पलीकडच्या काठानं तेवढंच परत आलो, योजनेच्या फलकापाशी पोचलो. बायकोनं डबा उतरवला. मी आनंदानं ओरडलोच, "बाई, एकही टेका नाही! पुलावरनं येऊनसुद्धा!"

बाई जवळ नव्हत्या.

त्या बऱ्याच मागं होत्या, कालव्याच्या कडेला, आरोहीबरोबर. आरोही एका दगडावर बसली होती, एक सँडल काढून. मी पळत गेलो. बाईंचा चेहरा घामानं भिजलेला.

"ही सारखी बसतेय," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा त्या बाभळीखाली बसली. मग पुलावर. मग अजून कुठं कुठं. आपण सगळे डब्याकडं बघत होतो."

आरोहीनं विचारलं, "आजी, शाळा कुठं आहे?"

बाईंनी हात केला, जिकडून आम्ही आलो होतो तिकडं. शाळा शेवटच्या स्टॉपच्या शेजारी होती. कालव्याच्या पलीकडं.

आरोही रडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या वाटेकडं एकदा पूर्ण बघितलं, पुलापर्यंत आणि परत, आणि मुकाट्यानं सँडल घालायला लागली. जणू आत्ताच निघायचं आहे. जणू पोरांनी असंच जायचं असतं.

बाई तिच्याकडं बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. मला नदी दिसायला लागली होती. त्यांनाही दिसत असावी.

"भंडारा," त्या म्हणाल्या. "नाही."

एवढंच. मग आरोहीच्या सँडलचा पट्टा लावून देत, "गाडी कुठंय?"

"खोलीवर जी."

"घेऊन या."

मी गाडी घेऊन आलो. बाईंनी आरोहीला आणि तिच्या आईला मागं बसवलं, एसी लावायला सांगितला, डबा पुढच्या सीटवर ठेवला आणि दार बाहेरून बंद केलं. "बाई, तुम्ही?" "मी येते बसनं. मला विचार करायचाय." बायको काचेतून बघत राहिली. म्हणाली, "एवढी मोठी गाडी, अन् तुमची बाई पायी?" त्या गाडीचा मला आठवतो तो खरा उपयोग एवढाच.

पुढच्या मीटिंगला मी नकाशे घेऊन वर गेलो होतो. बाईंनी तो पिवळा ठिपका लाल पेनानं गोल केला. म्हणाल्या, "हा काढा."

टीम लीडर म्हणाले, "मॅडम, पण ती वॉक-टेस्ट तुमचीच होती ना? तुम्हीच ओके केलं होतं."

"मीच केलं होतं. म्हणून मीच सांगतेय. कोरड्या कालव्यातून चालले. आणि आयुष्यभर डबा मोजला, डब्याबरोबर चालणारं पोर मोजलं नाही. चुकले. ही जागा काढा, आणि मी पास केलेल्या बाकीच्याही पुन्हा चालायला लागतील."

"मॅडम, ड्राफ्ट सबमिट झालाय. वरपर्यंत सगळे अलाइन झालेत. आणि जवळ नवा पूल प्रपोज्ड आहे ना, लवकरच—" म्हणाले आणि जीभ चावली.

"पूल झाला की पिवळं करा. तोवर हिरवं राहू द्या. ऊस बस मागत नाही."

टीम लीडर लॅपटॉपकडं बघायला लागले. मग बाई म्हणाल्या, "मग माझं नाव काढा." आणि पेनाला टोपण लावलं.

टीम लीडर लिफ्टपर्यंत पोचवायला आले. मान खाली. "सॉरी मॅडम."

"तुम्ही सॉरी म्हणू नका. तुमचं लग्न व्हायचंय. नोकरी करा. फक्त एकदा एखादं लहान मूल घेऊन चालून या, आपलं नसलं तर शेजाऱ्याचं न्या."

खाली आलो. बाईंचं काम संपलं म्हणजे गाडीचं संपलं, गाडीचं म्हणजे माझं. घर गेलं, नोकरी गेली, बायको-पोरगी एका मित्राच्या बहिणीकडं चार दिवसांच्या बोलीवर. बाईंनी मला तोच प्रश्न विचारला, जो त्या बसमध्ये सगळ्यांना विचारायच्या.

"आता पुढं?"

"माहीत नाही जी."

"चला. बस आली."

ती बस स्वारगेटची होती. तिथून मार्केट यार्डाच्या बाजूला, गुलटेकडीला, एका गल्लीत त्या मला घेऊन गेल्या. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचं एक जुनं दुकान. दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, त्यांची मराठी बाईंच्याही वरची.

"या बाई! आज डबा नाही?"

"डबा यांच्या घरी आहे. म्हणजे घर नाही, तेच सांगायला आलेय. तुमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत का?"

"आहेत. भाच्याला द्यायच्या होत्या."

"भाच्याकडं मोटारसायकल आहे. यांना द्या."

चाचा हसले. मला म्हणाले, "आमच्या गल्लीच्या तोंडचा बसस्टॉप हलवणार होते एकदा, या बाईंनी हलू दिला नाही. त्या स्टॉपवर आमचं निम्मं गिऱ्हाईक उतरतं. तुम्ही कधी येताय राहायला?"

बाईंनी तोवर बूट काढून दुकानाच्या पायरीवर पाय चोळायला घेतले होते. "तुमचं घर मी खोडलं," मला म्हणाल्या, "मग दुसरं मीच दाखवायला हवं. शाळा त्या वळणावर आहे. मघाशी येताना बघितली नाहीत तुम्ही, जमिनीकडं बघत चालत होतात." यार्डात टेम्पोचं काम चाचांच्याच ओळखीनं लागलं.

राहायला आलो त्या दिवशी बाई आल्या होत्या. आरोहीला घेऊन शाळेपर्यंत चालून आल्या. हातात काही नाही, नुसतं तिचं बोट. परत आल्यावर दारातच म्हणाल्या, "एकदाही बसली नाही. उलट मलाच ओढत होती." मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. बाईंचे गुडघे गेले. बसची पायरी चढवेना, तेव्हा बहीण त्यांना साताऱ्याकडं घेऊन गेली. जाताना डबा आमच्याकडं ठेवला. बायको त्यातच दळण आणते, गिरणी खालीच आहे. आरोही कडीला दुसऱ्या बाजूनं धरते, म्हणते मी पण उचलते. मला ते बघवतही नाही आणि नजरही हटत नाही. शनिवार पेठेवरून टेम्पो नेताना त्यांच्या इमारतीखाली पाय आपोआप ब्रेकवर जातो. वाटतं, आता जिन्यात बूट वाजतील. "काय हो भंडारा."

कधी कांद्याची गाडी घेऊन लोणीकडं जावं लागतं तेव्हा तो पिवळा ठिपका दिसतो. आता तिथं उंच इमारती आहेत, गॅलरीत कपडे वाळत असतात. लोक राहायला गेले, त्यांना तरी दुसरं काय होतं? कालव्यावर फलक आहे, पूल लवकरच. त्याच्याखालून दप्तरं घेतलेली पोरं लांबच्या पुलाकडं चाललेली असतात. गाडीत जागा असली की मी थांबतो, त्यांना पुढं बसवतो.

बाईंना फोन करतो. त्या नमस्कार वगैरे घेत नाहीत, पहिलाच प्रश्न, "पूल झाला का?"

"नाही जी."

"मग मला एवढ्यात मरता येत नाही." आणि फोन ठेवतात.

बाई, पूल होईल. तुमचा तो नावडता शब्द मी वापरत नाही, पण होईल. त्यावरून बस जाईल. त्या दिवशी मी साताऱ्याला येऊन तुम्हाला घेऊन येणार. तुम्ही माझ्या गाडीत एकदाही बसला नाहीत, तेव्हा एसटीनंच आणीन. बसची पायरी चढताना एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूनं आरोही. डबा तिच्या आईच्या मांडीवर. आणि कंडक्टर आला की तुमचा हात पिशवीत जायच्या आत माझा हात पुढं गेलेला असेल. तेव्हा मी ड्यूटीवर नसेन. सगळी तिकिटं मी काढणार. एवढं तरी मला फेडू द्या.